आयव्हीएफच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी

मूल होत नाही म्हणून उपचार घ्यायचे ठरले की काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. बहिणीचे स्त्रीबीज चालेल का? उरलेल्या भ्रूणांचे पुढे काय होते? आमच्या धर्मात हे बसते का? मी एकटी आहे, मला परवानगी आहे का? भाडे देऊन सरोगसी करता येते का? विचारणारे बहुतेक वेळा अर्धे उपचार पार पडल्यावर विचारतात. तोवर इंजेक्शने सुरू झालेली असतात, पैसे भरलेले असतात आणि पंधरा-वीस पानांच्या फॉर्मवर नर्सने बोट ठेवले तिथे सह्याही झालेल्या असतात.

हा लेख त्या सह्यांच्या आधी वाचण्यासाठी आहे.

आधी तीन प्रश्न वेगळे करा

घरातली चर्चा अडते, कारण तीन निरनिराळे प्रश्न एकाच दमात विचारले जातात.

- परवानगी आहे का? हा कायद्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुतांशी स्पष्ट आहे आणि ते सर्व धर्मीयांना एकच आहे.
- आमच्या श्रद्धेत बसते का? हे तुमच्या धर्मगुरूंना विचारा. डॉक्टर किंवा वकील याचे उत्तर देऊ शकत नाहीत.
- आम्हाला दोघांना हे पटते का? याचे उत्तर फक्त तुम्ही दोघे देऊ शकता. सासू, नणंद किंवा क्लिनिकचा समुपदेशक तुमच्या वतीने ते देऊ शकत नाही.

कायद्याने परवानगी दिली म्हणून एखादी गोष्ट करायलाच हवी असे नाही. उलट, धर्माला मान्य आहे म्हणून कायद्याची अट सुटतही नाही.

तुम्ही कायद्याने पात्र आहात का?

२५ जानेवारी २०२२ पासून देशात दोन कायदे लागू आहेत. सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ हा आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणे), आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन), इक्सी (एकच शुक्राणू स्त्रीबीजात टोचणे), बीजदान आणि गोठवणूक यांना लागू होतो. सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ हा फक्त सरोगसीसाठी आहे. दोन्हींच्या अटी वेगळ्या आहेत. एकाची अट दुसऱ्याला लावल्यामुळे निम्मा गोंधळ होतो.

आयव्हीएफ आणि तत्सम उपचारांसाठी:

- स्त्रीचे वय २१ पेक्षा जास्त आणि ५० पेक्षा कमी हवे. पुरुषाचे वय २१ पेक्षा जास्त आणि ५५ पेक्षा कमी हवे.
- वंध्यत्व असलेल्या विवाहित जोडप्याला उपचार घेता येतात. एक वर्ष संततिनियमनाशिवाय संबंध ठेवूनही गर्भधारणा झाली नाही, किंवा गर्भधारणेला अडथळा आणणारे वैद्यकीय कारण सिद्ध झाले, तर कायदा त्याला वंध्यत्व मानतो.
- एकट्या स्त्रीलाही हे उपचार घेता येतात. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असणे आड येत नाही.
- लग्न न करता एकत्र राहणारी जोडपी, समलिंगी जोडपी आणि एकटे पुरुष यांना हा कायदा जोडपे किंवा लाभार्थी म्हणून धरत नाही. यावर न्याय्य टीका होते, पण आज नियम असा आहे.

नोंदणी तपासा, मग पैसे भरा

कायद्याने दवाखान्यांचे दोन स्तर केले आहेत. पहिल्या स्तरावर फक्त आययूआय होते. आयव्हीएफ आणि इक्सी दुसऱ्या स्तरावरच होऊ शकतात. दात्यांची तपासणी आणि स्त्रीबीज किंवा वीर्याची साठवण करणाऱ्या बँकेची नोंदणी वेगळी असते. नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते.

पहिल्याच भेटीत तीन गोष्टी करा:

- नोंदणी प्रमाणपत्र पाहा. त्यावरचे नाव, पत्ता, स्तर आणि मुदत वाचा. 'प्रोसेस सुरू आहे' हे उत्तर ग्राह्य धरू नका.
- खर्चाचे अंदाजपत्रक लेखी मागा. इंजेक्शने, भूल, गोठवणूक, दरवर्षीचे साठवण शुल्क आणि पुढच्या ट्रान्सफरचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. 'पॅकेज' या शब्दात नेमके काय येत नाही, ते विचारा.
- तुमच्या वयोगटात, तुमच्या अडचणीत यशाचे प्रमाण किती, असे विचारा. 'पॉझिटिव्ह टेस्ट' आणि 'हातात बाळ' हे दोन आकडे निराळे असतात. तुम्हाला दुसरा आकडा हवा.

यशाची शक्यता, जुळे-तिळे राहण्याचा धोका, दुष्परिणाम आणि खर्च समजावून सांगणे हे क्लिनिकचे कायदेशीर कर्तव्य आहे. दत्तक हा पर्यायही त्यांनी चर्चेत आणायला हवा. दत्तक घेण्याची प्रक्रिया बाल न्याय कायद्याखाली सर्व धर्मीयांना आणि एकट्या स्त्रीलाही खुली आहे, हे अनेकांना माहीत नसते.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक नोंद: बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून हे उपचार मोफत सुरू झाले आहेत. खासगी क्लिनिकमध्ये आगाऊ रक्कम भरण्याआधी तिथे चौकशी करा.

दात्याचे बीज घ्यायचे असेल तर

- दाता नोंदणीकृत बँकेमार्फतच घ्यायचा असतो. एजंटने 'एक मुलगी आहे, तयार आहे' असे सांगितले तर तिथेच थांबा.
- वीर्यदात्याचे वय २१ ते ५५ आणि स्त्रीबीज देणारीचे वय २३ ते ३५ हवे.
- स्त्रीबीज देणारी आयुष्यात एकदाच देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत.
- एका दात्याचे बीज एकाच जोडप्याला मिळते. 'डोनर शेअरिंग'ची सवलत कोणी देऊ केली, तर ते बेकायदा आहे.
- स्त्रीबीज देणारीसाठी बारा महिन्यांचा विमा तुम्ही काढायचा असतो. तिची प्रकृती बिघडली तर तिची जबाबदारी कोणी घ्यायची, याचे ते उत्तर आहे. ही रक्कम वाचवू नका.

घरातून 'आपल्या जातीचा डोनर बघा' अशी मागणी होते. रक्तगट, आनुवंशिक आजार आणि संसर्गाच्या तपासण्या यांना वैद्यकीय अर्थ आहे, जातीला नाही. त्या मागणीपायी बँक बदलत राहिलात तर हातातले महिने जातात, आणि या उपचारांत सर्वांत महाग वस्तू म्हणजे स्त्रीचे वय.

नात्यातल्या स्त्रीने बीज दिले म्हणजे ती आई होते का? याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिले. नवी मुंबईतल्या एका प्रकरणात पत्नीच्या धाकट्या बहिणीने स्त्रीबीज दिले होते आणि सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या होत्या. पुढे पतीने पत्नीला मुलींपासून दूर ठेवले. बीज देणारी मेहुणीच खरी आई, असा त्याचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. दात्रीला मुलांवर पालकत्वाचा हक्क नाही असे सांगून न्यायालयाने पत्नीला मुलींना भेटण्याचा अधिकार दिला. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यातही हेच लिहिले आहे: दात्याचे पालकत्वाचे सर्व हक्क संपतात.

संमतीपत्रातल्या पाच जागा

सगळ्या लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. फॉर्म घरी मागून घ्या. इंग्रजी अडत असेल तर मराठीत समजावून घ्या आणि पुढील पाच जागा दोघांनी बसून वाचा.

१. कोणाचे बीज वापरायचे? 'आवश्यक वाटल्यास दात्याचे बीज वापरण्यास संमती' असे वाक्य छापील फॉर्ममध्ये असू शकते. नको असेल तर ते खोडा आणि शेजारी दोघांनी सही करा.

२. किती भ्रूण तयार करायचे, किती सोडायचे? जास्त भ्रूण गर्भाशयात सोडल्याने जुळे-तिळे होण्याचा धोका वाढतो. अशी बाळे अनेकदा अपुऱ्या दिवसांची असतात. संख्या डॉक्टरांशी बोलून आधी ठरवा.

३. उरलेल्या भ्रूणांचे काय? ते जास्तीत जास्त दहा वर्षे गोठवून ठेवता येतात. मुदत संपली की ते नष्ट होतात, किंवा तुमची संमती असेल तर संशोधनासाठी जातात. ते दुसऱ्या जोडप्याला वापरता येत नाहीत. भ्रूणाला जीव मानणाऱ्यांनी हा प्रश्न भ्रूण तयार होण्याआधीच सोडवायला हवा.

४. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तर? कायद्यानुसार मृत्यू किंवा असमर्थता आल्यास काय करायचे, याची लेखी सूचना घेतल्याशिवाय क्लिनिकने काहीही गोठवू नये. मरणोत्तर बीज काढायचे असेल तर आधीची संमती लागते.

५. वेगळे झालो तर? बोलायला अवघड विषय आहे, पण फॉर्मवर उत्तर लिहा.

चौथ्या जागेवरची एक टिकमार्क किती जड पडू शकते, ते दोन प्रकरणांतून दिसते. कर्करोगाच्या उपचारांपूर्वी एका अविवाहित तरुणाने वीर्य गोठवून ठेवले होते. मृत्यूनंतर ते नष्ट करावे, असा पर्याय फॉर्ममध्ये निवडलेला होता. त्याच्या मृत्यूनंतर आईने धाव घेतली, तेव्हा जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल लागेपर्यंत ते जपून ठेवण्याचा आदेश दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच एका मृत तरुणाचे गोठवलेले वीर्य त्याच्या आईवडिलांना देण्यास सांगितले. दोन्ही घरांना दुःखाच्या दिवसांत न्यायालयाची पायरी चढावी लागली. कर्करोगाच्या उपचारांआधी बीज गोठवणाऱ्या प्रत्येकाने हा रकाना घरच्यांशी बोलून भरावा.

लक्षात ठेवा: बीज किंवा भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत तुम्ही केव्हाही संमती मागे घेऊ शकता. 'आता पैसे भरलेत' हे त्यावरचे उत्तर नाही. फॉर्मची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

भ्रूणाची तपासणी: कशासाठी चालते, कशासाठी नाही

आधीच माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठी भ्रूणाची तपासणी करता येते. विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल आहे, काही समाजांत थॅलेसेमिया आहे. दोघेही वाहक असतील तर ही तपासणी खरोखर उपयोगी पडते. लग्नाआधी किंवा उपचारांआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्या.

मुलगा की मुलगी, हे पाहण्यासाठी मात्र ती मुळीच करता येत नाही. असे आमिष दाखवणाऱ्याला पाच ते दहा वर्षे कैद किंवा दहा ते पंचवीस लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय गर्भलिंगनिदानविरोधी कायदा लागू होतो तो वेगळाच. 'परदेशात सॅम्पल पाठवून कळवतो' अशी ऑफर आली तर ती गुन्ह्याचीच ऑफर आहे.

तुमची श्रद्धा काय सांगते?

इथे फक्त प्रमुख भूमिका देत आहे. अंतिम शब्द तुमच्या धर्मगुरूंचा आणि तुमचा.

- हिंदू: सर्वांना बांधील असे एक धर्मपीठ नाही. महाभारतात धृतराष्ट्र आणि पंडू नियोगातून (पतीऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून संतती) जन्मले, म्हणून 'शास्त्रात आहे' असे सांगणारे भेटतात. त्याच शास्त्रकारांनी पुढे नियोग कलिवर्ज्यात (कलियुगात निषिद्ध गोष्टींत) टाकला, असे म्हणणारेही भेटतात. दोन्ही बाजू खऱ्या असल्याने पोथी तुमचा निर्णय करून देणार नाही. गोत्राची चिंता असेल तर एवढे ध्यानात घ्या: दत्तकपुत्राला दत्तक घेणाऱ्याचे गोत्र मिळते, हे परंपरेने कधीच मान्य केले आहे.

- मुस्लिम: १९८० च्या अल-अझहरच्या फतव्यापासून सुन्नी उलेमांची मुख्य भूमिका अशी की, पतीचे वीर्य आणि पत्नीचे बीज असेल व निकाह कायम असेल तर आयव्हीएफ जायज आहे. तिसऱ्याचे वीर्य, बीज किंवा गर्भाशय नको. तलाक किंवा मृत्यूनंतर गोठवलेला भ्रूण वापरू नये. शिया परंपरेत काही धर्मगुरूंनी अटींसह दात्याला मुभा दिली आहे. वरच्या पाच जागांपैकी पहिली, चौथी आणि पाचवी तुमच्यासाठी निर्णायक आहेत. नमुन्यांवरची नावे दोनदा तपासली जातात का, हेही क्लिनिकला विचारा.

- कॅथलिक: वसई, मुंबई आणि गोव्यातल्या वाचकांकडून हा प्रश्न जास्त येतो. १९८७ आणि २००८ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजांनुसार आयव्हीएफ अमान्य आहे, अगदी पती-पत्नीचेच बीज असले तरी. भ्रूण गोठवणे, टाकून देणे आणि सरोगसीही अमान्य. हार्मोनचे उपचार, गर्भनलिकेतला अडथळा काढणे, एंडोमेट्रिओसिसची शस्त्रक्रिया यांसारखे नैसर्गिक गर्भधारणेला मदत करणारे उपचार मात्र मान्य आहेत. आधी त्यांची शक्यता डॉक्टरांकडे तपासा. आयव्हीएफने जन्मलेल्या मुलाची प्रतिष्ठा चर्च जराही कमी मानत नाही. मुलाच्या बाप्तिस्म्याची भीती बाळगू नका.

- पारशी: घटत्या लोकसंख्येमुळे केंद्र सरकारची 'जियो पारसी' योजना २०१३ पासून या उपचारांसाठी अर्थसाहाय्य देते. पात्रतेची चौकशी करा.

- बौद्ध आणि जैन: सरसकट बंदी घालणारी एक सत्ता नाही. अहिंसेच्या अंगाने उरलेल्या भ्रूणांचा प्रश्न मात्र अनेकांना अस्वस्थ करतो.

कोणत्याही श्रद्धेमुळे भ्रूण टाकून देणे नको असेल तर डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा. जेवढे सोडायचे तेवढेच भ्रूण तयार करणे शक्य असते. त्यात यशाची शक्यता कमी होऊ शकते आणि पुन्हा इंजेक्शने घ्यावी लागू शकतात. ही किंमत समजून घेऊन ठरवा.

सरोगसी: गैरसमज आणि अटी

पैसे देऊन सरोगसी करणे बेकायदा आहे. औषधोपचार, विमा आणि विहित खर्चापलीकडे सरोगेट मातेला मोबदला देता येत नाही. चूक केवळ दलालाची धरली जात नाही. मोबदला देऊन सरोगसी करू पाहणाऱ्या जोडप्यालाही पहिल्या गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

- जोडपे विवाहित हवे. स्त्री २३ ते ५०, पुरुष २६ ते ५५ वर्षांचा. हयात मूल नसावे; गंभीर आजार किंवा अपंगत्व असलेल्या मुलाचा अपवाद आहे.
- एकट्या स्त्रियांपैकी फक्त ३५ ते ४५ वर्षांची विधवा किंवा घटस्फोटिता पात्र आहे. तिला स्वतःचेच बीज वापरावे लागते.
- सरोगेट माता २५ ते ३५ वर्षांची, विवाह झालेली आणि स्वतःचे मूल असलेली हवी. ती आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते. तिचे स्वतःचे बीज वापरता येत नाही.
- तिच्यासाठी ३६ महिन्यांचा विमा तुम्ही काढायचा. भ्रूण सोडण्यापूर्वी ती माघार घेऊ शकते. गर्भपातासाठी तिच्यावर कोणीही सक्ती करू शकत नाही.
- जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र आणि पालकत्वाबाबत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आधी लागतो. मूल जन्मल्यावर जन्मनोंदीसाठी तोच आदेश आधार ठरतो.
- फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर, वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केल्यास जोडप्यापैकी एकासाठी दात्याचे बीज वापरता येते. दोघांचेही दात्याचे चालत नाही.
- कायदा लागू होण्यापूर्वीच भ्रूण गोठवून प्रक्रिया सुरू केलेल्या जोडप्यांना वयाची अट आड येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. तुमची तारीख त्यात बसत असेल तर जुनी कागदपत्रे काढून ठेवा.

नोकरी करणाऱ्या आईला सरोगसीतून मूल झाल्यास कायद्याने १२ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. केंद्र सरकारी कर्मचारी स्त्रीला २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार १८० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

मुलाचे हक्क

अशा उपचारांतून जन्मलेले मूल कायद्याने तुमचेच जैविक मूल आहे. नाव, वारसा, संपत्ती यांत तसूभरही फरक नाही. भाऊबंदांनी उद्या 'रक्ताचे नाही' असा वाद काढला तर कायदा मुलाच्या बाजूने उभा आहे. क्लिनिककडून उपचारांचा तपशील असलेले प्रमाणपत्र मागून घ्या आणि सर्व कागद एका फाइलमध्ये ठेवा.

मुलाला सांगायचे का? कायदा सक्ती करत नाही. पण दात्याचे बीज घेतले असेल आणि चार नातेवाइकांना ते माहीत असेल, तर मुलाला ते एखाद्या लग्नघरात तिऱ्हाइताकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून, त्याच्या वयाला झेपेल तसे कळलेले बरे.

काही चुकले तर दाद कुठे मागायची?

१. क्लिनिकच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. असा कक्ष असणे बंधनकारक आहे.

२. वैद्यकीय नोंदींची प्रत लेखी मागा. मागणीनंतर ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

३. बेकायदा कृत्य असेल तर राज्याच्या समुचित प्राधिकरणाकडे तक्रार करा. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखालचा खटला राष्ट्रीय किंवा राज्य मंडळाच्या किंवा त्यांच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरूनच उभा राहतो, म्हणून ही पायरी वगळू नका.

४. सेवेत त्रुटी किंवा पैशांची फसवणूक असेल तर ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची आहे.

उपचार अयशस्वी होणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. खोटे आकडे सांगणे, संमतीशिवाय दात्याचे बीज वापरणे, नमुन्यांची अदलाबदल होणे या मात्र तक्रारीच्या बाबी आहेत.

शेवटी एकच विनंती. पुढची अपॉइंटमेंट असेल तिच्या आदल्या रात्री घरात दोघेच बसा आणि एका कागदावर तीन उत्तरे लिहा: बीज कोणाचे, उरलेल्या भ्रूणांचे काय, आणि आपल्यापैकी एक नसेल तर काय. उत्तरे जुळली नाहीत तर उपचार महिनाभर पुढे ढकला. जुळली तर तोच कागद घेऊन क्लिनिकमध्ये जा, आणि फॉर्ममध्ये तेच लिहिले आहे याची खात्री करूनच सही करा.